माशाच्या तेलाच्या कॅप्सूल : 'पारामुक्त' छापलंय, पण पीसीबीचं काय?

समुद्रफेन

मी खाद्यतेलं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. हे कळलं की नातेवाईक, शेजारी, सोसायटीतले ज्येष्ठ नागरिक सगळे हमखास एकच गोष्ट विचारतात : "ओमेगा-३ च्या कॅप्सूल घेतोय, पण त्यात पारा असतो म्हणे?" मग बाटली पुढे येते. तिच्यावर ठळक अक्षरांत 'पारामुक्त' छापलेलं असतं आणि ते वाचून विचारणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. माझा पडत नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

माशात पारा असतो यात शंका नाही. पण तो मिथिल मर्क्युरीच्या रूपात प्रथिनांना, म्हणजे माशाच्या मांसाला धरून बसतो. चरबीत तो जवळजवळ येतच नाही. मासे शिजवून, दाबून तेल वेगळं केलं की पारा चोथ्याबरोबर जातो. त्यामुळे तेलाच्या बाटलीवर 'पारामुक्त' लिहिणं म्हणजे शेंगदाणा तेलाच्या डब्यावर 'कोलेस्टेरॉलमुक्त' लिहिण्यासारखं आहे. खोटं काही नाही, पण त्यातून कळतही काही नाही.

तेलात राहतं ते चरबीत विरघळणारं. पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल, कारखान्यांत बनलेल्या रसायनांचं एक कुटुंब), डायॉक्सिन आणि फ्युरान (जळण्यातून आणि रसायनं बनवताना नकळत तयार होणारी विषं), डीडीटी आणि त्याचे अवशेष, हेक्साक्लोरोबेंझीन, शिवाय फर्निचर आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू पेटू नयेत म्हणून वापरलेली ब्रोमीनयुक्त रसायनं. यातलं पीसीबी हे नाव लक्षात ठेवा. १९२९ पासून ते कारखान्यांत बनू लागलं आणि ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर, रंग, हायड्रॉलिक तेल अशा असंख्य ठिकाणी वापरलं गेलं. जळत नाही, कुजत नाही, वीज वाहून नेत नाही हेच त्याचे गुण होते, आणि 'कुजत नाही' हाच गुण पुढे अंगाशी आला. १९६६ मध्ये स्वीडनचे सोरेन येन्सन प्राण्यांच्या शरीरात डीडीटी शोधत होते. आलेखावर त्यांना काही अनोळखी शिखरं सतत दिसत राहिली. ती पीसीबीची निघाली. बाल्टिक समुद्राकाठच्या गरुडांत ती होती, माशांत होती, आणि येन्सन यांच्या स्वतःच्या कुटुंबीयांच्या केसांतही होती. अमेरिकेने १९७९ मध्ये उत्पादनावर बंदी घातली, २००१ च्या स्टॉकहोम कराराने जगभर लगाम घातला. भारताने २०१६ च्या आदेशाने उत्पादन आणि आयात बंद केली, पण आधीपासून असलेल्या उपकरणांतला वापर थांबवायला ३१ डिसेंबर २०२५ ची मुदत दिली. म्हणजे हा विषय काही फार जुना झालेला नाही.

हे सगळं शेवटी समुद्रात जातं. प्लवकांतून (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांतून) लहान माशांत, लहानांतून मोठ्यांत, आणि प्रत्येक पायरीवर साठा वाढत जातो. म्हणून तेल कोणत्या माशाचं आणि माशाच्या कोणत्या भागाचं, यावर निम्मी गोष्ट ठरते. जगातल्या माशाच्या तेलाचा मोठा हिस्सा पेरूच्या किनाऱ्यावरच्या आंचोवेटाचा असतो. बोटभर लांबीचा मासा, आयुष्य दोन-तीन वर्षांचं, खातो प्लवक. त्याच्या अंगात साठायला वेळच मिळत नाही. कॉड मोठा, शिकारी, वर्षानुवर्षं जगणारा, आणि त्याची चरबी मुख्यतः यकृतात. शार्क तर त्याहून पुढचा. यकृताचं तेल आणि अख्ख्या लहान माशांचं तेल या दोन वेगळ्या वस्तू आहेत, पण दुकानात त्या शेजारीशेजारी ठेवलेल्या असतात.

उरलेली निम्मी गोष्ट शुद्धीकरणाची. कच्चं तेल आधी क्षाराने धुतात. मग सक्रिय कोळशातून काढतात. डायॉक्सिन, फ्युरान आणि काही पीसीबींचे रेणू चपटे असतात, ते कोळशाला चिकटतात. चपटे नसलेले पीसीबी आणि डीडीटी मात्र कोळशाला दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी तेल जवळजवळ निर्वात जागेत तापलेल्या पृष्ठभागावर पातळ थरात पसरवतात. घाण वाफ होऊन निघून जाते, तेल मागे राहतं. यालाच मॉलेक्युलर डिस्टिलेशन म्हणतात. नीट केलं तर तेल खरोखर फार स्वच्छ होतं, हे मी रोजच्या कामातून सांगते.

'नीट केलं तर' हीच मेख आहे, आणि ते केलंय की नाही हे वासावरून, रंगावरून किंवा किमतीवरून कळत नाही. कळतं फक्त तपासणीच्या आकड्यांवरून. युरोपात माणसांच्या खाण्यातल्या माशाच्या तेलाला तीन मर्यादा आहेत : डायॉक्सिन-फ्युरान मिळून दर ग्रॅमला १.७५ पिकोग्रॅम, त्यात डायॉक्सिनसारखे वागणारे पीसीबी मिळवून ६ पिकोग्रॅम (दोन्ही विषारीपणाच्या समतुल्य मापात), आणि सहा ठरावीक पीसीबी मिळून २०० नॅनोग्रॅम. पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचे एकावर बारा शून्यं इतके भाग केले, त्यातला एक. नॅनोग्रॅम त्याच्या हजारपट.

माझं म्हणणं एवढंच : बाटली हातात घेतली की पारा शोधू नका. पीसीबीचा आकडा मागा.

लोफोटेनचा_वारा

समुद्रफेन, उत्तम धागा. मी गेली कित्येक वर्षं नॉर्वेत आहे, म्हणून इथली बाजू.

कॉडच्या यकृताचं तेल, म्हणजे इथलं 'त्रान', इथे घराघरात असतं. ज्या महिन्यांच्या नावात 'र' येतो त्या महिन्यांत रोज एक चमचा घ्यायचा, म्हणजे सप्टेंबर ते एप्रिल, अशी जुनी पद्धत. सूर्य दिसत नाही तेव्हा ड जीवनसत्त्व कुठून मिळणार? पेटर मोलर नावाच्या औषधविक्रेत्याने १८५३ च्या सुमारास यकृतं वाफेवर शिजवून तेल काढायची रीत आणली. त्याआधी यकृतं पिंपात सडू देऊन तेल काढत.

पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की त्रान पिणाऱ्या याच देशाचं अन्नसुरक्षा खातं सांगतं, मुलांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी माशाचं यकृत खाऊ नये. आणि किनाऱ्याजवळ स्वतः पकडलेल्या माशाचं यकृत कोणीच खाऊ नये. कारण पीसीबी आणि डायॉक्सिन. बाटलीतलं तेल शुद्ध केलेलं असतं म्हणून ते चालतं, ताटातलं यकृत चालत नाही. माझ्या इथल्या शेजारणीच्या आजीच्या काळी ताजं कॉड, यकृत आणि गाभोळी हा थंडीतला सणाचा बेत असायचा. आता यकृत खरेदी करताना लोक विचार करतात.

शेजारी स्वीडनमध्येही तेच. बाल्टिकमधला हेरिंग आणि सामन मुलांनी आणि तरुण मुली-बायकांनी वर्षातून दोन-तीनदाच खावा असा तिथला सरकारी सल्ला आहे.

खारंवारं

हे सगळं वाचून आमच्या मालवणातल्या आईला काय सांगू? ती आठवड्यातून चार दिवस मासे खाते. बांगडा, पेडवे, मांदेली, अधूनमधून सुरमई, आणि वर्षातून काही वेळा मोरीचं मटण. ते बंद करायचं का?

समुद्रफेन

खारंवारं, मुळीच बंद करू नका! आईंना सांगा, बांगडा, पेडवे, मांदेली, तारली बिनधास्त खा. हे सगळे लहान, लवकर वाढणारे, साखळीच्या खालच्या पायरीवरचे मासे. बांगड्या-तारल्यांत ओमेगा-३ भरपूर, त्याशिवाय प्रथिनं, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व. कॅप्सूलमध्ये यातलं बाकीचं काही नसतं.

मोरी मात्र शार्क आहे. तिथे पाऱ्याचा प्रश्न खरा आहे, कारण तिथे आपण तेल नाही, मांस खातोय. अमेरिकेत गरोदर बायकांना जे मासे टाळायला सांगतात त्यात शार्क, तलवार मासा आणि किंग मॅकरेल आहेत. हा किंग मॅकरेल आपल्या सुरमईच्या कुळातला, अटलांटिकमधला. घरात कोणी गरोदर असेल किंवा लहान मूल असेल तर त्यांच्या ताटात मोरी नको आणि मोठी सुरमई क्वचितच. आईंच्या वयाला वर्षातून काही वेळा खाल्लेल्या मोरीने काही बिघडत नाही.

आणि एक उपयोगाची गोष्ट. पीसीबी चरबीत असतात, म्हणून मोठ्या तेलकट माशाची कातडी आणि पोटाची चरबी काढून टाकली, भाजताना ठिबकलेलं तेल फेकून दिलं, तर ते बरेच कमी होतात. पाऱ्यावर यातलं काही चालत नाही. धुवा, तळा, उकडा, तो मांसातच राहतो.

ठाणेकर_निनाद

मासा कुठल्या पाण्यातला हेही बघायला हवं ना? ठाण्याच्या खाडीत पारा आहे हे समुद्रविज्ञानाच्या अभ्यासकांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच मोजून दाखवलं होतं. आणि डीडीटी म्हणाल तर आपल्या रायगडात रसायनीला सरकारी कारखान्यात ते वर्षानुवर्षं बनत होतं. शेतीत बंदी आली तरी मलेरियाच्या फवारणीला ते वापरलं गेलं. हे सगळं शेवटी आपल्याच किनाऱ्याला लागणार. त्यामानाने पेरूचं तेल बरं म्हणायचं.

समुद्रफेन

निनाद, खाडीतला आणि खोल दर्यातला मासा एक नव्हे, हे अगदी बरोबर. गाळात राहणारे, खाडीच्या मुखाशी वाढणारे जीव आणि थव्याने उघड्या समुद्रात फिरणारा बांगडा यांत फरक असतोच. शहराच्या सांडपाण्याशेजारच्या खाडीतले कालवं, शिंपल्या मी स्वतः घेत नाही.

पण समुद्र दूरचा म्हणून तो स्वच्छ, असंही नसतं. ही रसायनं उष्ण प्रदेशात हवेत उडतात, थंडीत खाली बसतात, पुन्हा उडतात, असं करत ध्रुवाकडे सरकतात. ओमेगा-३ ची सगळी कहाणी सुरू झाली ती ग्रीनलंडच्या इन्युइटांपासून, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपासून. १९७० च्या दशकात बांग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी त्यांच्या रक्तातली चरबी तपासली आणि सील-व्हेल खाणाऱ्या या लोकांत हृदयविकार कमी का, याचं उत्तर समुद्री प्राण्यांच्या चरबीत शोधलं. पुढे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कॅनडात एरिक देवाई यांनी उत्तर क्वेबेकमधल्या इन्युइट आयांच्या दुधात पीसीबी मोजले. ते दक्षिणेकडच्या बायकांच्या तुलनेत कित्येक पट निघाले. त्या किनाऱ्यावर एकही कारखाना नव्हता. ज्या चरबीचं जग कौतुक करत होतं तिच्यातूनच हे विष त्या बायकांपर्यंत पोचलं होतं, आणि त्यांचा त्यात काडीचा दोष नव्हता. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार लागलं होतं, अजूनही लागतं.

उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर २००८ मध्ये तिथल्याच वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सांगितलं की पायलट व्हेल आता खाऊ नये. शतकांची परंपरा, पण पारा आणि पीसीबीपुढे त्यांना तसं सांगावं लागलं.

स्पष्टवक्ता_सांगली

मला यात भीतीचा बाजार दिसतो. एक ग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये असं किती विष असणार? आधी म्हणायचं ओमेगा-३ घ्या, मग म्हणायचं त्यात विष आहे, मग म्हणायचं आमची महागडी 'अतिशुद्ध' बाटली घ्या. सामान्य माणसाने करायचं काय?

समुद्रफेन

रास्त प्रश्न आहे. आकडे मांडूनच उत्तर देते.

उद्योगाच्या स्वतःच्या नियमावलीत पीसीबीची कमाल मर्यादा किलोला ०.०९ मिलिग्रॅम, म्हणजे ग्रॅमला ९० नॅनोग्रॅम अशी आहे. समजा तुमची कॅप्सूल अगदी त्या टोकाला आहे. म्हणजे दिवसाला ९० नॅनोग्रॅम. आता २००४ मध्ये 'सायन्स' मासिकात आलेला सामन माशांचा गाजलेला अभ्यास घ्या. पाळलेल्या सामनमध्ये ग्रॅमला साधारण ३७ नॅनोग्रॅम पीसीबी होते, रानटी सामनमध्ये ५ च्या आसपास. त्या काळच्या पाळीव सामनचा १०० ग्रॅमचा तुकडा खाल्ला की ३,७०० नॅनोग्रॅम. म्हणजे एका जेवणात तसल्या चाळीस कॅप्सूल. (आणि पाळीव सामनमध्ये ते आलं कुठून? खाद्यात घातलेल्या माशाच्या तेलातून. त्यानंतर खाद्यात वनस्पती तेलाचं प्रमाण बरंच वाढलं.)

तेव्हा पीसीबीच्या बाबतीत प्रौढ माणसाने दिवसाला एक कॅप्सूल घेतली तर घाबरायचं कारण नाही, हे मी तुमच्याइतकंच ठामपणे म्हणते. पण सगळ्या बाटल्या सारख्या नसतात. २०१० मध्ये कॅलिफोर्नियात काही नागरिकांनी आणि एका पर्यावरण संस्थेने कोर्टात दावा लावला. त्यासाठी तपासलेल्या दहा उत्पादनांत रोजच्या मात्रेत पीसीबी सुमारे १२ नॅनोग्रॅमपासून ८५० नॅनोग्रॅमपर्यंत निघाले. एकाच फळीवरच्या बाटल्यांत सत्तर पट फरक, आणि लेबलवर त्याचा मागमूस नाही! भीती घालायची नाहीये, हा फरक दिसत नाही ही माझी तक्रार आहे.

अन्वीचे_बाबा

आमची लेक चार वर्षांची आहे, वजन १५ किलो. तिला कॉड लिव्हर ऑइल द्यावं असं घरातले ज्येष्ठ म्हणतात. आम्हाला लहानपणी दिलं होतं तसं. द्यावं का?

समुद्रफेन

अन्वीचे बाबा, इथे मात्र हिशेब बदलतो, म्हणून सविस्तर लिहिते.

युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये डायॉक्सिन आणि तसल्या पीसीबींची सुसह्य मात्रा सातपट खाली आणली. आधी आठवड्याला दर किलो वजनामागे १४ पिकोग्रॅम होती, ती २ केली. याला आधार होता रशियातल्या चापायेव्स्क गावच्या मुलांचा. तिथल्या रासायनिक कारखान्याभोवती वाढलेल्या मुलांच्या रक्तात नवव्या वर्षी जितकं डायॉक्सिन होतं, त्यानुसार मोठेपणी त्यांच्या वीर्यातल्या शुक्राणूंवर परिणाम दिसला.

आता ६० किलोच्या माणसाला आठवड्याला १२० पिकोग्रॅम चालतील. ६ पिकोग्रॅमच्या कायदेशीर टोकावर असलेली एक ग्रॅमची कॅप्सूल रोज घेतली तर आठवड्याला ४२ होतात. ठीक. पण तेच तेल ५ मिलीच्या चमच्याने घेतलं, म्हणजे साधारण ४.६ ग्रॅम, तर आठवड्याला १९३. मर्यादेच्या पार. आणि तुमच्या १५ किलोच्या लेकीला आठवड्याला फक्त ३० चालतात. तिला ती एक ग्रॅमची कॅप्सूलसुद्धा जास्त होते. तेल कायद्यात बसतं आणि तरी मुलाच्या मापात बसत नाही, असं घडू शकतं. त्यात दूध, अंडी, तूप, मासे यांतून थोडं थोडं पोटात जातच असतं, ते वेगळंच.

चांगलं शुद्ध केलेलं तेल ६ च्या खूप खाली असतं, हे पुन्हा सांगते. म्हणून लेकीला द्यायचंच असेल तर आकडा पाहिल्याशिवाय देऊ नका. शिवाय यकृताच्या तेलात अ जीवनसत्त्व असतं, आणि ते लहान मुलांना आणि गरोदर बायकांना जास्त झालं तर अपाय करतं. ड जीवनसत्त्व हवं असेल तर बालरोगतज्ज्ञ थेंब लिहून देतात, ते द्या. आजी-आजोबांचा हेतू चांगलाच आहे, पण ते तेल देत होते ते मुडदूस होऊ नये म्हणून. त्या कामाला आता दुसरी सोय आहे.

डॉ_मृणालिनी

थोडी वैद्यकीय भर. निरोगी माणसाने हृदयासाठी रोज एक ग्रॅमची कॅप्सूल घेण्याला २०१८ पासून फारसा आधार उरलेला नाही. 'व्हायटल' चाचणीत २५,८७१ लोक होते, 'असेंड'मध्ये १५,४८० मधुमेही. दोन्हींत मुख्य निकष गाठला गेला नाही, म्हणजे अपेक्षित फायदा दिसला नाही. ट्रायग्लिसराइड वाढलेल्या, हृदयविकाराचा धोका असलेल्या रुग्णांना ४ ग्रॅम शुद्ध ईपीए (माशातल्या ओमेगा-३ चा एक प्रकार) देऊन 'रिड्यूस-इट'मध्ये २५ टक्के फायदा दिसला, पण ते औषध आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीवर घ्यायचं. आणि मोठ्या मात्रेत हृदयाची लय बिघडण्याचं प्रमाण वाढतं हेही दिसलंय. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर विचारल्याशिवाय सुरू करू नका.

समुद्रफेन, तुमचा मुलांचा हिशेब मी दवाखान्यात वापरणार आहे.

जवसाची_चटणी

आम्ही शाकाहारी. जवस आणि अक्रोड खातो. पुरे का?

डॉ_मृणालिनी

जवसात असतं ते एएलए, म्हणजे वनस्पतींतलं ओमेगा-३. शरीर त्यातलं थोडंसंच ईपीएमध्ये बदलतं, आणि डीएचए या माशातल्या दुसऱ्या ओमेगा-३ मध्ये तर नगण्य. चटणी अवश्य खा, फायबर आहे, चव आहे. पण गरोदरपणात किंवा वेगळ्या कारणाने डीएचए हवंच असेल तर शेवाळाच्या तेलाचं मिळतं. मासासुद्धा डीएचए स्वतः बनवत नाही, सूक्ष्म शेवाळातूनच घेतो. ते शेवाळ बंद टाक्यांत वाढवतात, समुद्राशी संबंधच नाही, म्हणून पीसीबीची ही सगळी साखळी तिथे सुरूच होत नाही. अमेरिकेत २००२ पासून लहान बाळांच्या दुधाच्या पावडरीत हेच वापरतात.

बाकावरचा_केमिस्ट

समुद्रफेनताईंच्याच क्षेत्रातला आहे, म्हणून चाचणी प्रत्यक्षात कशी होते ते थोडं सांगतो. 'लॅब टेस्टेड' हे दोन शब्द लोक फार सहज घेतात.

तेलाचा नमुना मोजून घेतला की त्यात आधी खुणेचे रेणू घालतात. हुबेहूब तेच पीसीबी, फक्त कार्बन-१३ ने (कार्बनच्या जरा जड प्रकाराने) बनवलेले, म्हणजे वाटेत किती गळती झाली ते शेवटी कळतं. मग ते सगळं गंधकाम्ल मुरवलेल्या सिलिकाच्या नळीतून सोडतात. वरचा थर बघता बघता तपकिरी होतो, मग डांबरासारखा काळा. तेल जळून जातं, पीसीबी आणि डायॉक्सिन मात्र ॲसिडलाही पुरून उरतात आणि खाली थेंब थेंब उतरतात. ते दृश्य पाहिलं की ही रसायनं शरीरात वर्षानुवर्षं का राहतात हे वेगळं समजवावं लागत नाही. सर्वांत विषारी डायॉक्सिन माणसाच्या शरीरातून निम्मं व्हायला सात वर्षांच्या वर लागतात.

पुढे सहा पीसीबी मोजायला साधं गॅस क्रोमॅटोग्राफ-मास स्पेक्ट्रोमीटर चालतं. डायॉक्सिनला फार संवेदनशील, महागडं यंत्र लागतं. म्हणून स्वस्तातल्या रिपोर्टात शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा हे चार धातू असतात आणि खाली 'तपासणी उत्तीर्ण'. धातू तपासायला सोपे, आणि तेलात ते मुळातच कमी. जे तपासायला हवं ते तपासलेलंच नसतं.

आणखी एक. रिपोर्टात 'आढळले नाही' असं दिसलं तर शेजारी 'किती मापापर्यंत शोधलं' हा आकडा आहे का बघा. तो नसेल तर 'आढळले नाही' याला अर्थ नाही.

मीनल_डोंबिवली

माझ्या कॅप्सूलना उग्र वास येतो, ढेकरही तसेच येतात. ते पीसीबीमुळे का?

समुद्रफेन

नाही, मीनलताई. पीसीबीला या प्रमाणात वास नसतो. तुमचं तेल खवट झालंय. एक कॅप्सूल सुईने टोचून वास घ्या. ताज्या माशाचा मंद वास ठीक, जुन्या रंगासारखा किंवा सडका वास आला तर बाटली फेका. आंतरराष्ट्रीय कोडेक्स अन्नमानकात (२०१७) खवटपणाच्या तीन मापांना मर्यादा आहेत : पेरॉक्साइड ५, ॲनिसिडिन २० आणि दोन्हींवरून काढलेला टोटॉक्स २६, याहून जास्त नको. न्यूझीलंडमध्ये २०१५ साली ३२ उत्पादनं तपासली तेव्हा बहुतेक खवटपणाच्या मर्यादेबाहेर निघाली, आणि लेबलवरचं ईपीए-डीएचए फक्त तीनच बाटल्यांत पूर्ण होतं. त्या निष्कर्षांवर नंतर ऑस्ट्रेलियातल्या तपासण्यांनी आक्षेप घेतले, पण आपल्याकडच्या उकाड्यात बाटली फ्रीजमध्ये ठेवावी, यावर कोणाचं दुमत नसावं.

अन्वीचे_बाबा

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. तेल नाही देत, थेंबांबद्दल डॉक्टरांशी बोलतो. पण माझे वडील कॅप्सूल घेतात. त्या कंपनीला पीसीबीचा आकडा विचारायचा तर नेमकं काय लिहायचं? मागे एकदा विचारलं होतं तर 'आमचं उत्पादन सर्व नियमांचं पालन करतं' एवढंच उत्तर आलं.

समुद्रफेन

ते उत्तर सगळेच पाठवतात. खालचा मजकूर जसाच्या तसा पाठवा :

"आपल्या उत्पादनाचा अमुक लॉट नंबर माझ्याकडे आहे. या लॉटचं तपासणी प्रमाणपत्र पाठवावं. त्यात पुढील आकडे असावेत : सहा निर्देशक पीसीबींची बेरीज, डायॉक्सिन आणि डायॉक्सिनसदृश पीसीबींची बेरीज, पेरॉक्साइड आणि ॲनिसिडिन मूल्य. तेल कोणत्या माशाचं, कोणत्या समुद्रातलं, तेही कळवावं."

काही उत्पादक आपले लॉट कॅनडातल्या आयएफओएस या संस्थेकडून तपासून घेतात आणि निकाल कोणालाही जालावर बघता येतात. तिथे लॉट सापडला तर पत्राचीही गरज नाही. अन्नपरवान्याचा चौदा आकडी क्रमांक बाटलीवर असतो, तो असायलाच हवा, पण तो म्हणजे पीसीबीचा रिपोर्ट नव्हे.

अन्वीचे_बाबा

उत्तर आलं! पीडीएफ आहे. सहा पीसीबींची बेरीज ११ नॅनोग्रॅम, डायॉक्सिनसह एकूण ०.७ पिकोग्रॅम, पेरॉक्साइड २. आंचोवी, पेरू. हे चांगलं ना?

समुद्रफेन

आकडे छान आहेत, मर्यादेच्या कितीतरी खाली. पण पीडीएफच्या वरच्या कोपऱ्यात बघा, लॉट नंबर बाबांच्या बाटलीवरचाच आहे का? आणि तारीख?

अन्वीचे_बाबा

लॉट नंबरच्या जागी 'प्रातिनिधिक नमुना' लिहिलंय. तारीख बाटली भरल्याच्या दोन वर्षं आधीची.

बाकावरचा_केमिस्ट

मग हा त्या बाटलीचा रिपोर्ट नाही. कच्चं तेल पुरवणाऱ्याकडून एकदा आलेला कागद आहे, तोच सगळ्यांना पाठवतात. पेरॉक्साइडचा आकडा तर पूर्णच निरुपयोगी, तो महिन्यांत बदलतो.

समुद्रफेन

सहमत. पण निदान पीसीबी मोजतात आणि विचारलं तर आकडा देतात, हे पहिल्या उत्तरापेक्षा बरंच पुढचं आहे. त्याच मेलला उत्तर द्या, बाटलीच्या लॉट नंबरचा फोटो जोडा आणि 'याच लॉटचा' एवढे दोन शब्द ठळक करा. तोवर बाबांना डॉ. मृणालिनींचा प्रतिसाद वाचायला द्या. त्यांना कॅप्सूल कोणी आणि कशासाठी लिहून दिली होती, हेही विचारा. कोणी लिहून दिली नसेल, तर आठवड्यातून दोनदा बांगडा घरी आणणं सोपं पडेल.